नवं कलादालन: एकच मोकळा हॉल की पक्क्या खोल्या? ट्रस्टींच्या मीटिंगआधी मतं हवीत

गेरू:
नमस्कार मंडळी. आमच्या शहरात (पश्चिम महाराष्ट्र, याहून जास्त सांगत नाही, लगेच ओळखतील) एका ट्रस्टनं समकालीन कलेसाठी नवीन दालन बांधायला घेतलंय. जागा आहे, पैसे बऱ्यापैकी जमलेत, आणि मला कमिटीत घेतलंय कारण मी चित्रं काढतो आणि फुकट वेळ देतो. आर्किटेक्टनी डिझाइन दाखवलं ते असं: शंभर बाय साठ फुटांचा एकच हॉल, पंचवीस फूट उंच, मध्ये एकही खांब नाही, छताला रेल आणि त्यावर सरकणारी पार्टिशनं, म्हणजे पाहिजे तेव्हा दोन खोल्या पाहिजे तेव्हा सहा, पश्चिमेची अख्खी भिंत काचेची, आणि नकाशात पूर्वेला तुटक रेघांनी 'फेज टू'. फ्लेक्सिबल, एक्स्पांडेबल, फ्युचर-रेडी. ट्रस्टी एकदम खूश.

माझा याला विरोध आहे. का ते सांगतो, मग हाणा मला.

पॅरिसचं पाँपिदू सेंटर, म्हणजे तिथलं आधुनिक कलेचं म्युझियम, या सगळ्या प्रकाराचं मूळपीठ. १९७७ ला उघडलं, रेंझो पिआनो आणि रिचर्ड रॉजर्स, पाईप-डक्ट-सरकते जिने सगळं इमारतीच्या बाहेर काढलं ते एवढ्याचसाठी की आतले मजले पूर्ण मोकळे मिळावेत. आडवे गर्डर पंचेचाळीस मीटरच्या आसपास, मजल्यावर मध्ये खांब नाही, हवं ते करा. मग काय झालं? आठ वर्षांत, १९८५ ला, गाए ऑलेंती या आर्किटेक्टबाईंना बोलावून त्या मोकळ्या मजल्यावर चक्क पांढऱ्या भिंतींच्या खोल्या बांधून घेतल्या, कारण मातीस आणि पिकासो अधांतरी टांगल्यासारखे दिसत होते. बर्लिनला मीस व्हॅन डर रोहनं १९६८ ला केलेली नॅशनल गॅलरी घ्या, वर आठ खांबांवर पासष्ट मीटरचं चौरस छत, चारी बाजूंनी काच, डोळ्यांचं पारणं फिटतं, पण संग्रहातली चित्रं कुठे? खाली तळघरात, भिंती असलेल्या खोल्यांमध्ये.

आणि वाढीचं म्हणाल तर आर्किटेक्ट ल कॉर्बुझिएनं 'अमर्याद वाढणारं म्युझियम' अशी कल्पना काढली होती. मधून सुरुवात, चौकोनी गोगलगाईसारखं बाहेर बाहेर वाढत जायचं, पैसे आले की पुढचा तुकडा जोडायचा. त्या विचारातून तीन म्युझियमं उभी राहिली, अहमदाबादचं संस्कार केंद्र, टोकियोचं वेस्टर्न आर्टचं म्युझियम (१९५९) आणि चंडीगढचं (१९६८). तिन्हींपैकी एकाचीही गोगलगाय पुढे सरकली नाही. टोकियोला जागा कमी पडली तेव्हा १९७९ ला मागे वेगळी इमारत बांधली. आता तर ते जागतिक वारसा यादीत आहे, म्हणजे वाढणार म्हणून बांधलेली इमारत आता वाढवणं आणखीच अवघड.

माझं म्हणणं, पाच-सहा पक्क्या खोल्या बांधा, वेगवेगळ्या आकाराच्या आणि उंचीच्या, एक उंच रांगडी शेड ठेवा, आणि बाकी पैसे न दिसणाऱ्या गोष्टींवर घाला. शेजारची जमीन रिकामी सोडा. मोकळा हॉल म्हणजे आज जो निर्णय आर्किटेक्टनी आणि कमिटीनं घ्यायचा तो प्रत्येक शोच्या वेळी क्युरेटरच्या आणि सुताराच्या गळ्यात मारायचा.

काँक्रीट_मिक्सर:
मी आर्किटेक्ट आहे (तुमचा नव्हे, घाबरू नका) आणि पूर्ण असहमत. गेरू, तुमचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय हे लक्षात आलं का? ऑलेंतीबाईंना आठ वर्षांनी तिथं खोल्या बांधता आल्या त्या मजला मोकळा होता म्हणूनच ना! नंतर नव्वदीच्या शेवटी इमारत दोन-अडीच वर्षं बंद ठेवून आतली मांडणी परत बदलली, २००० ला उघडली, तेव्हाही गर्डरला हात लावायला लागला नाही. एका सांगाड्यात तीन वेगवेगळी म्युझियमं नांदली की. आता २०२५ पासून परत बंद आहे, २०३० पर्यंत, अॅस्बेस्टॉस काढणं वगैरे मोठं काम, आणि परत आतलं सगळं नव्यानं मांडणार. तुमच्या पक्क्या खोल्या असत्या तर ब्रेकर लावायला लागला असता.

बर्लिनचं अर्धंच सांगितलंत. त्याच काचेच्या हॉलमध्ये २००१ ला जेनी होल्झरनं छताच्या तुळयांना एलईडीच्या पट्ट्या लावून अक्षरं पळवली, ती रात्री काचेत शहरभर पसरल्यासारखी दिसायची. ते कुठल्या वीस बाय वीसच्या खोलीत करून दाखवता? समकालीन कला म्हणजे फ्रेममधलं चित्र हे डोक्यातून काढा. व्हिडिओ आहे, परफॉर्मन्स आहे, मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन) आहे, उद्या काय येईल ते तुम्हाला-मला दोघांना माहीत नाही, मग आज खोल्यांची मापं कशाच्या आधारावर ठरवणार?

कॉर्बुझिएचं मात्र मान्य, पण कारण वेगळं आहे. गोगलगायीत प्रत्येक नवा वेढा आधीच्यापेक्षा लांब, म्हणजे प्रत्येक वाढ आधीपेक्षा महाग, आणि दरवेळी सगळी बाहेरची भिंत आतली होते, खिडक्या-उजेड-पावसाचं पाणी सगळं नव्यानं बघा. एका दिशेला सरळ वाढणारी इमारत अशी अडत नाही. म्हणजे दोष गोगलगायीचा, वाढीच्या कल्पनेचा नाही.

खिळा_दोरी:
मी शो लावतो. मुंबईत, गेली बरीच वर्षं, चित्रं टांगणं, क्रेट उघडणं, लाइट फोकस करणं हेच काम. दोघांचंही वाचलं, पॅरिस बर्लिन सगळं झकास पण त्या सरकत्या पार्टिशनबद्दल कुणी बोलतच नाहीये म्हणून लिहितो.

ती सरकत नाहीत. म्हणजे उद्घाटनाच्या दिवशी सरकतात, फोटो निघतात, मग एक पावसाळा गेला की रेलमध्ये धूळ बसते, एक-दोन रोलर जाम होतात, आणि कुणीतरी ती एका जागी ढकलून पाचर मारून ठेवतं, कायमची. साउंडप्रूफ घ्याल तर एकेक पॅनेल इतकं जड की दोन माणसं लागतात, हलकं घ्याल तर त्यावर पंचवीस किलोची फ्रेम टांगायची हिंमत होत नाही, आत पोकळ असतं, स्क्रू धरतच नाही. दोन पॅनेलच्या मध्ये उभी फट राहते, बोटभर, आणि नेमकी तिथंच आर्टिस्टला सहा फुटी कॅनव्हास लावायचा असतो. शेजारच्या 'खोलीत' व्हिडिओ लागला की आवाज वरून येतोच येतो.

आम्हाला काय लागतं ते लिहून घ्या गेरूदादा. भिंतीच्या जिप्सम बोर्डामागे १८ एमएमचा प्लाय, सगळीकडे, खालपासून वरपर्यंत, म्हणजे कुठेही स्क्रू मारा. छताला लोखंडी चॅनेलची जाळी आणि प्रत्येक पॉइंटला किती किलो चालतं ते लिहिलेला कागद, जो कधीच कुणाकडे नसतो. जमिनीत ठराविक अंतरावर झाकणाचे सॉकेट, नाहीतर अख्खा शो टेप मारलेल्या वायरींवरून अडखळत बघायचा. दहा फूट उंच दरवाजा. आणि टेम्पो आत येऊन उभा राहील असं छप्पर, कारण क्रेट जुलैमध्येसुद्धा येतात. एका दालनात (नाव नको) मोठा कॅनव्हास जिन्यात वळेना, शेवटी रात्री स्ट्रेचरवरून (कॅनव्हासच्या लाकडी चौकटीवरून) पिना काढून रोल केला, वर नेला, वर नेऊन पुन्हा ताणला. आर्टिस्ट बाजूला उभा राहून रंगाला तडा जातोय का बघत होता. त्या इमारतीला बक्षीस मिळालेलं आहे.

वायफळ:
सगळी इमारतच चाकांवर ठेवा ना. न्यूयॉर्कला 'द शेड' म्हणून आहे, २०१९ ला उघडली, मूळ इमारतीवर एकशेवीस फूट उंच दुसरं कवच आहे ते रुळांवरून बाहेर सरकतं आणि समोरच्या चौकावर बंदिस्त हॉल तयार होतो, चाकं माणसाएवढी, पाच मिनिटांत काम. हे खरं एक्स्पांडेबल! ट्रस्टींना व्हिडिओ दाखवा, झोप उडेल.

सोलापुरी_चादर:
वायफळ, त्या चाकांना ग्रीस कोण घालणार ते पण सांगा. आमच्याकडे नाट्यगृहाचा पडदा दोरीनं ओढावा लागतो.

मुद्द्याचं बोलतो. जिल्ह्याच्या ठिकाणी मोकळा हॉल बांधला की काय होतं हे मी बघितलेलं आहे. पहिल्या वर्षी चित्रप्रदर्शनं, दुसऱ्या वर्षी हातमागाच्या साड्यांचा सेल, मग आयुर्वेदिक औषधं, गृहोपयोगी वस्तू, बचत गटांचं लोणचं-पापड, आणि पाचव्या वर्षी चौकशी केली तर मॅनेजर सांगतो की डिसेंबर-जानेवारी लग्नाला बुक आहे. मोकळी जागा ज्याच्या हातात पैसे त्याची होते. खोल्या असल्या तर निदान पंगत तरी बसवता येत नाही. म्हणून माझं मत गेरूंना, कारण थोडं वेगळं असलं तरी.

काँक्रीट_मिक्सर:
सोलापुरी, अहो त्या साड्यांच्या सेलवरच विजेचं बिल निघतं! त्यात वाईट काय आहे? वर्षातले चार महिने भाडं येत असेल आणि आठ महिने कला, तर मी ते घेईन. खोल्या-खोल्यांचं दालन बारा महिने शुद्ध राहील आणि तिसऱ्या वर्षी कुलूप लागेल. शुद्धतेचे लाड ट्रस्टला परवडणारेत का हा प्रश्न कमिटीत विचाराच.

अर्धवट_पेंटर:
वीज बिलाचं निघालंच आहे तर. शंभर गुणिले साठ गुणिले पंचवीस म्हणजे दीड लाख घनफूट हवा. माझी पंधरा जलरंगातली चित्रं लावायची असली तरी तेवढी सगळी हवा थंड करा. बाहेरून काम मागवायचं झालं तर देणारे विचारतात आर्द्रता किती, साधारण चाळीस ते साठ टक्क्यांत ठेवा म्हणतात, आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर ऐंशीच्या वर असते. छोटी खोली असेल तर हवेतली ओल काढणारा एक डीह्युमिडिफायर लावून भागतं. आणि कागदावरच्या कामाला पन्नास लक्सच्या (हे उजेडाचं माप) वर उजेड चालत नाही, तुमची ती पश्चिमेची काच दुपारी चारला त्याच्या कितीतरी पट ओतणार, मग पडदे, मग ब्लाइंड्स, मग काळी फिल्म, मग काच कशाला घातली असं प्रत्येकजण विचारणार.

शिवाय एक साधी गोष्ट. आमच्यासारख्यांना वीस चित्रांचा शो करायला छोटी जागा लागते. मुंबईचं जहांगीर आर्ट गॅलरीचं दालन १९५२ पासून चाललंय ते मंगळवार ते सोमवार असा आठवडा आणि ठराविक मापाची दालनं यामुळेच, तारखेसाठी लोक वर्षानुवर्षं थांबतात पण थांबतात ना? माप ठरलेलं आहे, भिंत किती फूट आहे ते आर्टिस्टला घरी बसून माहीत असतं.

काँक्रीट_मिक्सर:
जहांगीरला दुर्गा बाजपेयींचं डिझाइन म्हणून मी नमस्कार करतो, ती लाटेसारखी पुढे आलेली काँक्रीटची छत्री आजही तरुण वाटते, पण थांबायला लागतं हे कौतुकाचं लक्षण कसं? जागा वाढू शकत नाही याचा तो पुरावा आहे. आणि मोठं मांडणशिल्प करणारा मुलगा तिथं अर्जच करत नाही, त्याची गणतीच तुमच्या रांगेत नाही.

मांडवी:
गोव्यातून लिहिते. इथं २०१६ पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी हा कलांचा फेस्टिव्हल असतो, आणि त्याची बरीचशी प्रदर्शनं पणजीत जुन्या जीएमसीच्या इमारतीत भरत आली आहेत, म्हणजे पूर्वीचं मेडिकल कॉलेज आणि हॉस्पिटल. जाड भिंती, उंच छत, लांब व्हरांडा आणि त्याला लागून एकामागून एक खोल्या. कुणीही ती कलेसाठी बांधली नव्हती. तरी व्हिडिओवाल्याला एक खोली मिळते, दार लोटलं की अंधार आणि शांतता, कापडाचं काम करणारीला खिडकीची खोली मिळते, आणि बघणारा व्हरांड्यात येऊन नदीची हवा खाऊन पुढच्या खोलीत जातो. हा व्हरांडा फार महत्त्वाचा आहे, पाच कामं बघितली की डोकं भरतं, कुठेतरी रिकामं व्हावं लागतं. तुमच्या दोघांच्या डिझाइनमध्ये तो मला कुठेच दिसला नाही.

म्हणून माझा प्रश्न वेगळाच, नवीन बांधताच कशाला? तुमच्या गावात बंद पडलेली गिरणी, जुनं हायस्कूल, गोडाऊन काहीच नाही? कोचीच्या बिएनालेनं (दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन) २०१२ ला अॅस्पिनवॉल हाऊस घेतलं, मसाल्यांच्या व्यापाऱ्यांची जुनी वखार, आणि सुरू केलं ते बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू या मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या दोघांनीच. अख्ख्या देशाला मांडणशिल्प म्हणजे काय ते त्या वखारीनं दाखवलं.

काँक्रीट_मिक्सर:
मांडवीताई, त्याच कोचीला २०२२ ची आवृत्ती उद्घाटनाच्या तोंडावर १२ डिसेंबरवरून २३ ला ढकलावी लागली, आणि आर्टिस्ट लोकांनी जाहीर पत्र लिहिलं त्यात पावसाचं गळणारं पाणी हाही मुद्दा होता. जुन्या इमारतीचं रोमँटिक चित्र रंगवायला सोपं आहे. गळती, वाळवी, जुनं वायरिंग, फायरची एनओसी, मालवाहू लिफ्ट नाही, हे सगळं बिल नंतर येतं.

मांडवी:
सरकत्या पार्टिशनचं बिल पण नंतरच येतं, वर खिळा_दोरींनी लिहिलंय. आणि गळणारं छप्पर दुरुस्त करता येतं हो, आम्ही दर मे महिन्यात करतो. अकरा दिवस उशीर झाला म्हणून ती जागा वाईट ठरत नाही.

टेम्सकाठी:
लंडनला राहते, मूळ डोंबिवली. टेट मॉडर्न अजून आलं कसं नाही याचं आश्चर्य वाटलं, कारण दोन्ही बाजू त्यावर हक्क सांगतील. बंद पडलेलं वीजघर, २००० ला म्युझियम झालं, आतला टर्बाइन हॉल दीडशे मीटरच्या पुढे लांब आणि पस्तीस मीटर उंच. त्यात ना रेल ना पार्टिशन. नुसती प्रचंड, रांगडी जागा, आत शिरताना उतार लागतो आणि चालणारा आपोआप हळू होतो. २००२ ला आपल्या मुंबईत जन्मलेल्या अनीश कपूरनं लाल पडद्याचा कर्णा या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणला, पुढच्या वर्षी ओलाफुर एलियासननं पिवळा सूर्य लावला आणि लोक जमिनीवर उताणे पडून छताच्या आरशात स्वतःला बघत बसले. २००७ ला डोरिस साल्सेदोनं तर जमिनीलाच भेग पाडली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नंतर बुजवली पण तिची रेघ अजून दिसते, मी कुणी पाहुणे आले की मुद्दाम दाखवते.

तर माझ्या मते मिक्सर म्हणतात तशी रिकामी जागा हवीच, पण ती गुळगुळीत नको. टर्बाइन हॉलला स्वतःचा स्वभाव आहे म्हणून कलाकार त्याच्याशी भांडतो आणि त्यातून काम होतं. पांढऱ्या मोकळ्या खोक्याशी कोण भांडणार? आणि तिथंही मुख्य संग्रह बघायचा तर बाजूच्या मजल्यांवर पक्क्या खोल्याच आहेत, तेव्हा गेरूंची शेड अधिक खोल्या ही मागणी टेटनं कधीच मान्य केलेली आहे. वाढ हवी झाली तेव्हा आधी २०१२ ला जमिनीखालच्या जुन्या तेलाच्या टाक्या उघडल्या, मग २०१६ ला मागे दहा मजली विटांची इमारत जोडली, साठ टक्के जागा वाढली. शेजारी जागा होती म्हणून जमलं.

गेरू:
टेम्सकाठी, धन्यवाद, हे छापून घेऊन जातो. खिळा_दोरी, तुमची यादी तर मी तशीच्या तशी मिनिट्समध्ये टाकणार आहे.

सोलापुरींची भीती मला पटते, पण मिक्सर, तुमचा साड्यांचा हिशोब मला अजिबात मान्य नाही. साड्यांच्या सेलला लागतो ट्यूबलाइटचा लख्ख उजेड आणि बाहेर स्कूटरचं पार्किंग, प्रदर्शनाला लागतो अंधार आणि आर्द्रता सांभाळणारा एसी, दोन्हीसाठी खर्च करायचा म्हणजे दोन्ही अर्धेच होणार. भाडं हवं असेल तर लॉनवर मांडव घाला. मांडववाले आपल्याकडे एका रात्रीत हजार माणसांचं छप्पर उभं करतात आणि दुसऱ्या दिवशी काढतात, याच्यापुढे कुठलं पार्टिशन फ्लेक्सिबल?

आणखी एक, मुंबईचं भाऊ दाजी लाड म्युझियम. १८७२ ची इमारत, सागवानी कपाटं, एक इंच हलवता येत नाही. तिथं २०११ ला जितीश कल्लाटचा शो झाला, त्यात बांबूच्या परांचीसारखं दिसणारं शिल्प त्या नक्षीदार खांबांमध्ये उभं होतं, जणू इमारतीची डागडुजीच चाललीय. ते काम मोकळ्या हॉलमध्ये ठेवलं असतं तर नुसते बांबू दिसले असते.

काँक्रीट_मिक्सर:
आणि त्याच भाऊ दाजी लाडला जागा कमी पडते म्हणून शेजारी नवीन विंग करायची स्पर्धा झाली, २०१४ ला स्टीव्हन हॉलनं जिंकली, ती अजून जमिनीवर उतरलेली नाही. शेजारी जागा सोडली की पुढे वाढ होते हा तुमचा भाबडा विश्वास आहे. आपल्याकडे रिकामी जागा म्हणजे पार्किंग, मग पानाची टपरी, मग कोर्ट केस. जे बांधायचं ते आत्ताच बांधून घ्या, आतून मोकळं ठेवा.

एक_वाचक:
कानाझावाचं म्युझियम बघा कुणीतरी. जपान, सना नावाची फर्म, २००४. मोठं गोल, एकशे साडेबारा मीटर व्यासाचं, आणि त्यात वेगवेगळ्या उंचीच्या पक्क्या खोल्या सुट्या सुट्या ठेवल्यात, मधून बोळ. खोल्या हलत नाहीत पण कुठला बोळ बंद करायचा, कुठपर्यंत तिकीट आणि कुठे फुकट हे बदलता येतं. दोघांचंही समाधान.

काँक्रीट_मिक्सर:
माझं नाही होत. त्याला बजेट पण जपानी लागतं. पण सुंदर आहे, मान्य.

एमआयडीसी_वाला:
मी कलेतला नाही, कारखान्यांच्या शेड उभारतो, बायकोनं धागा पाठवला. वाचून हसू आलं कारण तुम्ही ज्यावर भांडताय ते आमच्याकडे रोज होतं, प्रत्येक उद्योजक म्हणतो आत्ता एवढीच बांधा, दोन वर्षांनी वाढवू.

पूर्वी लोक आरसीसीत करायचे आणि पुढच्या वाढीसाठी कॉलममधून सळया बाहेर सोडायचे. त्या सळया गंजतात. दहा वर्षांनी आलात की त्या कापूनच काढायच्या. आता बोल्टाची स्टील शेड असते, तिला शेवटची जी भिंत आहे तिथली फ्रेम हलकी घालतात, कारण तिच्यावर अर्ध्याच गाळ्याचं वजन येतं आणि स्टील वाचतं. वाढवायची असेल तर ती शेवटची फ्रेम पहिल्या दिवसापासून मधल्या फ्रेमसारखी पूर्ण ताकदीची घ्यायला लागते, स्टील थोडं जास्त जातं. मग नंतर नुसते पत्रे काढायचे, पुढच्या फ्रेम उभ्या करायच्या, पत्रे पुढे लावायचे. आतलं काम जवळजवळ बंद न करता होतं.

पण खरी फसगत स्टीलमध्ये होत नाही. मेन पॅनेल कुठे आहे, ट्रान्सफॉर्मर, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, संडास-बाथरूम, जिना, हे सगळं ज्या बाजूला वाढ होणार त्या बाजूला ठेवलं की संपलं. फ्रेम जोडायला आठवडे लागतात आणि सेप्टिक टँक हलवायला पालिकेची परवानगी लागते. दुसरं, पॅनेलमध्ये जादा लोडची जागा आणि जमिनीखालून रिकामे पाईप आत्ताच टाकून ठेवा, तोंडं बंद करून. तिसरं, शेडच्या जमिनीची पीसीसी आणि ट्रिमिक्स, म्हणजे काँक्रीटचे थर, जाड घ्या, तुमच्या मूर्ती किती टनाच्या असतात मला माहीत नाही, पण आमच्याकडे प्रेस मशीन येतं तेव्हा कुणी विचारत नाही की मजला झेपेल का. तळमजला असेल तर हे स्वस्तात होतं, वरच्या मजल्यावर हौस करू नका.

हॉल की खोल्या ते तुम्ही बघा. माझ्या मते शेडमध्ये खोल्या नंतर कधीही बांधता येतात.

काँक्रीट_मिक्सर:
बघा! शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचा.

खिळा_दोरी:
वाचलं. मागच्या प्लायचे पैसे तेव्हा कोण देणार तेही मोठ्यानं सांगा, कारण 'नंतर' बांधलेल्या खोल्या मी बघितल्यात, नुसता जिप्सम, टिचकी मारली की डुगडुगतो. आणि एमआयडीसी साहेब, पत्र्याच्या शेडवर पाऊस सुरू झाला की आत व्हिडिओ आर्टचा आवाज ऐकू येत नाही, छताला इन्सुलेशन किती जाडीचं घालायचं ते लिहा ना.

एमआयडीसी_वाला:
सँडविच पॅनेल घ्या, मध्ये पफ (फोम) नको, रॉकवूल (दगडी लोकर). आवाजाला तेच चांगलं आणि आग पकडत नाही. खाली परत एक थर सोडा म्हणजे तुमची ती चॅनेलची जाळी त्यातून बाहेर येईल. जाळीचं वजन आधी सांगा पण, फ्रेमच्या डिझाइनमध्ये धरायला लागतं, नंतर लटकवलेलं चालत नाही.

गेरू:
आत्ता नकाशा परत उघडून बघितला. फेज टू पूर्वेला. टॉयलेट ब्लॉक, जनरेटर आणि सेप्टिक टँक, तिन्ही पूर्वेला, एका ओळीत. आर्किटेक्टना फोन केला तर म्हणाले फेज टू 'इंडिकेटिव्ह' आहे.

सोलापुरी_चादर:
म्हणजे नाहीये.

काँक्रीट_मिक्सर:
हे मात्र चुकलंच त्यांचं, याची बाजू मी घेणार नाही. पण म्हणून हॉलला विरोध करू नका, टॉयलेट दक्षिणेला न्या म्हणा, कागदावर आहे तोवर फुकट हलतं. आणि ते रेल-पार्टिशन काढून टाका, तेवढ्यात खिळा_दोरींचा प्लाय बसेल.

गेरू:
रेल काढायला तयार झालात म्हणजे अर्धं भांडण संपलं की, उरलं ते भिंती आत्ता की नंतर. मी 'आत्ता'वरच आहे, निदान तीन खोल्या तरी. मीटिंग मंगळवारी आहे. मांडवीताई, त्या व्हरांड्याची रुंदी साधारण किती आहे ते कुणाकडून तरी मोजून मिळेल का?

मांडवी:
उद्या भाच्याला टेप देऊन पाठवते.